पहिल्या गिऱ्हाइकाआधीचा खर्च: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ‘धंद्याआधीचा खर्च आयकरात पाच वर्षांत विभागून वजा मिळतो, असं तुम्ही लिहिता. माझ्या बेकरीत पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधीचं भाडं आणि कारागिरांचा पगार सीएने त्याच वर्षी वजा करून दिला. उगाच लोकांना घाबरवू नका.’

तुमच्या सीएने केलं ते बरोबर असू शकतं, आणि तरीही मी माझं म्हणणं मागे घेत नाही. कारण आपण दोघं वेगवेगळ्या खर्चांबद्दल बोलतोय.

धंदा ‘उभा राहणं’ आणि ‘सुरू होणं’ या कायद्याच्या लेखी दोन निरनिराळ्या तारखा आहेत. मुंबई हायकोर्टात न्या. छागला यांनी १९५४ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्सच्या निकालात हे स्पष्ट केलं. धंदा सुरू करायला तयार झाला की तो उभा राहिला. मग विक्री महिनाभराने का होईना, मधल्या काळातलं भाडं, पगार, लाइट बिल हा नेहमीचा महसुली (रोजच्या चालवण्याचा) खर्च, त्याच वर्षी उत्पन्नातून वजा. तुमचा ओव्हन बसला होता, मैदा आला होता, कारागीर हजर होते, तर तुमची बाजू भक्कम आहे. फक्त ती तारीख कागदावर दिसली पाहिजे: गुमास्ता (दुकानाचा परवाना), ओव्हन बसवल्याचं बिल, मैद्याचं पहिलं चलन, हजेरीपट. नुसतं उद्घाटनाचं निमंत्रण दाखवलंत तर अधिकारी तीच तारीख धरायला मोकळा.

ओव्हन बसायच्या आधी, गाळ्यात सुतारकाम चालू असतानाचं भाडं मात्र या मधल्या काळात बसत नाही. ओव्हन-फर्निचरवर घसारा (किमतीचा ठरावीक भाग दरवर्षी वजा) मिळतो, आणि घेतल्याच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर तोही निम्माच. गाळ्याचं डिपॉझिट हा तर खर्चच नाही.

मी लिहिलं होतं ते १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ३५डी बद्दल. प्रकल्प अहवाल, मार्केट सर्व्हे, करारमदार करायची वकिलाची फी, कंपनी असेल तर नोंदणीची फी, असा ठरावीक खर्च पाच समान हप्त्यांत मिळतो. त्यालाही प्रकल्पखर्चाच्या ५ टक्क्यांची मर्यादा आहे. प्रकल्पखर्च म्हणजे जागा, यंत्रं, फर्निचर वगैरे (यादीत चक्क रेल्वे सायडिंगही आहे!), मालाचा साठा त्यात येत नाही. समजा तो २० लाख आहे आणि अहवाल-वकिलावर १ लाख ४० हजार गेले. मर्यादा १ लाख, म्हणजे वर्षाला २० हजार. वरच्या ४० हजारांना या कलमात जागा नाही. कंपनी नसाल तर खर्च केला त्या वर्षीच्या हिशोबाचं ऑडिटही लागतं, आणि छोटे धंदेवाले नेमके तिथेच अडकतात.

कंपन्यांचा आणखी एक घोळ म्हणजे हिशोबाच्या मानकानुसार हा खर्च पुस्तकात पहिल्याच वर्षी नफा-तोट्याला टाकतात. पुस्तकात गेला म्हणून टॅक्समध्येही पूर्ण गेला, असं धरून रिटर्न भरलेलं मी पाहिलंय.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यामुळे कलमांचे आकडे बदललेत. पाच हप्त्यांची पद्धत कायम आहे.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी जुन्या कायद्याच्या ४४एडी (छोट्या धंद्यांसाठी अंदाजे नफ्यावर टॅक्स) खाली उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवत असेल, तर त्यांच्यासाठी हा वादच उरत नाही. ३५डी सकट सगळ्या वजावटी त्या टक्क्यांत मिळाल्या असंच धरलं जातं.