जेसीबीला घाम फुटतो तेव्हा

केक भाजायला फार अक्कल लागते ही अफवा आहे. माप पाळलं आणि ओव्हनचं दार सारखं उघडून बघितलं नाही, की तो बिचारा आपला आपण फुगतो. भोग सुरू होतात ते तो गार झाल्यावर.

चिरंजीवांना पाचव्या वाढदिवसाला जेसीबीचा केक हवा होता. ससा मागणारी गुणी मुलंही असतात. दोन कान खोचले की सुटका. ती शेजाऱ्यांकडे जन्मतात.

साधं पुडीतलं फ्रेश क्रीम 25 टक्के फॅटचं. ते रात्रभर फेटलं तरी उभं राहत नाही, खांदा तेवढा उतरतो. म्हणून फ्रीझरमधलं व्हिपिंग क्रीम आणायचं, आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवायचं आणि भांडं बर्फात ठेवून फेटायचं. बीटर उचलल्यावर टोक ताठ राहिलं की थांबायचं. आधी थांबलात तर ओघळतं, उशिरा थांबलात तर रवाळ होतं. मधला क्षण नेमका दाराची बेल वाजते तेव्हा येतो.

केकचा चुरा वर येऊ नये म्हणून क्रीमचा पहिला हात पातळ मारतात, फ्रीजमध्ये घट्ट करतात, मग दुसरा हात. नवरा डोकावून म्हणाला, "पुट्टी झाली का? प्रायमर कधी?" त्याला फुगे फुगवायला पाठवलं.

पिवळ्या रंगावर घरात मतभेद झाले. पातळ रंग घातला तर क्रीम सैल पडतं, जेलच लागतं. सासूबाईंचं म्हणणं, "चिमूटभर हळद टाक गं, बाधायची तरी नाही."

तेवढ्यात तपासनीस आले. "आई, पुढची बकेट कुठंय?"

"ही काय!"

"ही मागची. बॅकहो लोडरला पुढे पण असते."

पुढची बकेट फॉण्डंटची केली. जुलै महिना, ठाण्याची हवा; दोरीवरचे लंगोटसुद्धा तीन दिवस वाळत नाहीत, तिथे साखरेचा लगदा काय वाळणार? फ्रीजमध्ये ठेवावा, तर बाहेर काढल्यावर हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि जेसीबीला दरदरून घाम फुटतो. टायरना काळं क्रीम लावलं. चॉकलेट बिस्किटं चुरून खाली माती पसरली. जिथे जिथे पिवळं घसरलं होतं, तिथे मातीचा ढिगारा वाढवत नेला. बांधकामाच्या जागेवर कोण हिशेब विचारतो!

संध्याकाळी औक्षणाला सगळे जमले. सासूबाई निरांजन ओवाळत असतानाच जेसीबीचा मागचा हात हळूहळू खाली यायला लागला. माझा श्वास अडकला. बकेट अलगद मातीत टेकली आणि पोरं एकसुरात ओरडली, "चालू झाला! चालू झाला!" तपासनीसांनी पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं.

मग टायरवरून मारामारी झाली. काळा रंग जिभेला, दातांना, एका काकांच्या पांढऱ्या झब्ब्याला लागला. फोटोत सगळी मंडळी मशेरी लावून आल्यासारखी दिसतात.

पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी ओट्यावरच्या पिवळ्या चमच्यांकडे, पिशव्यांकडे, नोझलांकडे एकवार बघून घेतलं.

"माझी पंचाहत्तरी डिसेंबरात आहे," त्या म्हणाल्या. "शिरा कर. वर बेदाणे लाव हवं तर, पण आकार देऊ नकोस."