अक्षरं मोठी झाली म्हणून रिझोल्यूशनला हात लावू नका

सोलापुरातल्या व्यापाऱ्यांच्या आणि टॅक्सवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: 'डायलॉग बॉक्समधली (कॉम्प्युटर काही विचारताना उघडतो त्या छोट्या खिडकीतली) अक्षरं अचानक मोठी झाली, ओकेचं बटण दिसेनासं झालं, तर तो व्हायरस समजा. आधी रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ करा. नाही जमलं तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) लॉगपिक्सेल्स ही नोंद शोधून तिथं ९६ टाका. तरीही नाही जमलं तर फॉरमॅट मारा.' शेवटी 'सर्वांना पाठवा'. यातलं हे शेवटचं तेवढं लोकांनी मनापासून पाळलंय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यापासून नवी पेठेतल्या दुकानापर्यंत ज्याच्या-त्याच्या फोनवर तो आहे.

व्हायरसचं लगेच मिटवू. तुमची अक्षरं मोठी करून व्हायरसवाल्याला काय मिळणार? त्याला तुमचे पासवर्ड हवेत, तुम्हाला नीट वाचता यावं ही त्याची इच्छा नाही. स्कॅन जरूर करा, पण या दुखण्याचं औषध म्हणून नको.

रिझोल्यूशनचा सल्ला तर नेमका उलटा आहे. रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावर आडवे-उभे किती ठिपके (पिक्सेल) वापरायचे तो आकडा, कमी केला की पडद्यावरचं सगळं मोठं दिसतं, लहान नाही. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर १०२४ बाय ७६८ लावलं की उभी जागा १०८० वरून ७६८ पिक्सेलवर आली. म्हणजे बटण आधी अर्धं दिसत असेल तर आता पूर्ण खाली गेलं. शिवाय आताच्या एलसीडी पडद्याचे पिक्सेल ठरलेले असतात. मूळ रिझोल्यूशन सोडलं की अक्षरं धूसर होतात आणि मग 'मॉनिटर गेला वाटतं' ही नवी तक्रार सुरू होते. हा उपाय जुन्या डबा मॉनिटरच्या काळातून उचललेला दिसतो, त्यांना असं एकच ठरलेलं रिझोल्यूशन नसायचं. एक अपवाद आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) उडाला असेल तर रिझोल्यूशन आपोआप घसरतं आणि सगळंच मोठं दिसतं. पण तेव्हाही ड्रायव्हर टाकून ते मूळ आकड्यावर न्यायचं असतं, खाली नाही.

खरी गोष्ट अशी की विंडोजमध्ये दोन वेगळी बटणं आहेत आणि मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा दोन्ही माहीत नाहीत. पहिलं स्केल: सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले. हे अक्षरं, चित्रं, खिडक्या सगळंच एका प्रमाणात वाढवतं. दुसरं फक्त अक्षरांचं. विंडोज ११ मध्ये ते ॲक्सेसिबिलिटीत टेक्स्ट साइज नावानं आहे, विंडोज १० मध्ये ईज ऑफ ॲक्सेसमधल्या डिस्प्लेत. ती पट्टी १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत सरकते. दुकानात कुणी वडीलधाऱ्यांनी 'जरा मोठं दिसू दे' म्हणून ती सरकवलेली असते आणि संध्याकाळी दुसरा माणूस येऊन डोकं धरतो. विंडोजचा स्वतःचा साधा मेसेज बॉक्स अक्षरांबरोबर वाढतो. पण ज्या प्रोग्रॅमनं आपल्या बॉक्सची लांबी-रुंदी पिक्सेलमध्ये ठोकून ठेवलीय, त्यात अक्षरं वाढतात आणि बॉक्स तेवढाच राहतो: खोकं सिंगलचं, चादर डबलची.

म्हणून आधी बघायचं की मोठं नेमकं काय झालंय. चिन्हांसकट सगळंच मोठं असेल तर स्केल बघा. मेनू, शीर्षकपट्टी आणि बॉक्समधली अक्षरं तेवढीच फुगली असतील तर टेक्स्ट साइजची पट्टी १०० वर आणून अप्लाय दाबा. स्केल बदलल्यावर फरक दिसला नाही, तर साइन आउट करून परत या, कारण बरेच जुने प्रोग्रॅम लॉगिनच्या वेळचाच आकडा धरून बसतात. मात्र १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपवर स्केल हट्टानं १०० करू नका. तिथं विंडोज स्वतःच सहसा १२५ किंवा १५० सुचवतं, ते उगाच नाही.

आता रजिस्ट्री. या सल्ल्यानं सर्वांत जास्त घोळ होतो. ९६ हा आकडा खरा आहे. विंडोजच्या हिशेबात ९६ डीपीआय (इंचामागे ठिपके) म्हणजे १०० टक्के स्केल, १२० म्हणजे १२५ आणि १४४ म्हणजे १५०. पण लॉगपिक्सेल्सवर डबल क्लिक केलं की जी छोटी खिडकी उघडते, तिच्यात उजवीकडे 'हेक्साडेसिमल', म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीतली मोजणी, आधीच निवडलेलं असतं. ते 'डेसिमल' (आपली नेहमीची दहाची मोजणी) न करता ९६ टाइप केलं, तर तो आकडा साध्या हिशेबात १५० होतो. १५० डीपीआय म्हणजे सुमारे १५६ टक्के! लहान करायला गेलेला माणूस अक्षरं दीडपट करून येतो, आणि मेसेजमध्ये पुढं लिहिलेलंच आहे, फॉरमॅट मारा. जे काम सेटिंग्जमधल्या एका पट्टीनं होतं, त्यासाठी रजिस्ट्रीत शिरायचं कशाला?

फॉरमॅटआधी एक नवीन युजर अकाउंट काढून त्यातून लॉगिन करा. अक्षरांचा आकार ज्याच्या-त्याच्या अकाउंटमध्ये साठवलेला असतो. नव्या अकाउंटमध्ये सगळं नीट दिसलं तर विंडोज धडधाकट आहे, तुमची सेटिंग बिघडलीय. फॉरमॅटनं बिलिंगचा डेटा जायची धास्ती आणि वर मजुरी.

आणि गाडी गेटवर उभी आहे, बिल सेव्ह करायचंय, बटण पडद्याखाली गेलंय, तर? ऑल्ट आणि स्पेस दाबा, मग एम, मग वरचा बाण धरून ठेवा. अख्खा बॉक्स वर सरकतो, शीर्षक पडद्याबाहेर गेलं तरी चालतं. बटण दिसलं की एंटर दाबून बॉक्स तिथंच सोडायचा आणि मग नेहमीसारखं क्लिक करायचं.

एकाच जुन्या बिलिंग प्रोग्रॅममध्ये त्रास असेल तर अख्ख्या कॉम्प्युटरचं काही बदलू नका. त्या प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. खालच्या ओव्हरराइडच्या चौकोनात टिक करून यादीतून 'सिस्टिम' निवडा, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. अक्षरं किंचित धूसर दिसतील, पण बॉक्स आणि अक्षरं एका मापात येतात. धूसरपणा खटकला तर 'सिस्टिम एन्हान्स्ड' करून बघा. काही प्रोग्रॅमांना ते मानवतं, काहींना नाही.