टीव्ही घेण्याआधी घरातली खुर्ची बघा

घरात वयस्कर मंडळी असतील आणि त्यांचा जुना टीव्ही बदलायचा असेल, तर दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसा. सात ते दहा. कोण कुठे बसतं, किती लांबून बघतं, काय बघतं, आवाज किती ठेवतं, रिमोट कुणाच्या हातात असतो. एवढं नीट पाहिलं की निम्मी निवड तिथेच होते. आपल्याकडे उलटं चालतं. मुलं पुण्या-मुंबईत किंवा परदेशात बसून ऑफर बघतात, इंच बघतात, फोर-के बघतात, ऑर्डर टाकतात. आणि सत्तरीतल्या माणसांच्या भिंतीवर असं काहीतरी येतं जे त्यांना धड लावताही येत नाही. मला याचा मनापासून त्रास होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

साताऱ्याला आई-बाबांकडे ३२ इंची एलईडी टीव्ही होता, बराच जुना. एक दिवस चित्र गेलं, आवाज येत राहिला. चित्र गेलं म्हणजे टीव्ही गेला असं लगेच समजू नका. खोलीत अंधार करून पडद्यावर मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. अंधुक चित्र हलताना दिसलं, तर पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारा पुढचा पडदा, बहुधा शाबूत आहे आणि मागचा उजेड गेलाय. तो उजेड देणाऱ्या एलईडी पट्ट्या गल्लीतला चांगला मेकॅनिकही बदलून देतो. पॅनेललाच तडा गेला असेल तर मात्र दुरुस्तीचा नाद सोडावा, कारण नुसतं पॅनेल नव्या टीव्हीच्या किमतीला जाऊन भिडतं. आमच्या पट्ट्या बदलल्या आणि तो टीव्ही आता आतल्या खोलीत व्यवस्थित चालतोय. तरीही हॉलमध्ये मोठा हवाच होता, कारण बातम्यांच्या खालच्या पट्टीवरची अक्षरं बाबांना आता खुर्चीतून वाचता येत नव्हती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय. त्याआधी ३२ वरून ४३ वर जायचं म्हणजे करही दहा टक्के जास्त भरावा लागायचा. तेवढं एक ओझं कमी झालं.

दुकानातल्या भिंतीबद्दल बोलायलाच हवं. तिथे लावलेले सगळे टीव्ही डेमो मोडवर असतात. उजेड पूर्ण चढवलेला, रंग भडक, आणि चालू असतो तो खास टीव्ही विकण्यासाठीच शूट केलेला व्हिडिओ: फुलं, समुद्र, चिरलेली फळं. आपल्या घरी त्यातलं काहीही येणार नसतं. आमच्या घरी येतात मराठी मालिका, बातम्या आणि क्रिकेट, तेही सेट-टॉप बॉक्समधून. म्हणून मी प्रत्येक दुकानात एकच मागणी केली: यावर साधं, एचडी नसलेलं एखादं मराठी चॅनेल लावून दाखवा. मॉलमधल्या मोठ्या दुकानात ते जमलं नाही. पेठेतल्या छोट्या दुकानदाराने स्वतःच्या काउंटरवरचा बॉक्स आणून जोडला. खरा फरक तिथे दिसला.

साध्या चॅनेलचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे सुमारे चार लाख पंधरा हजार ठिपके. फोर-के पडद्यावर असतात ८३ लाख. वीस ठिपक्यांपैकी एकाची माहिती बाहेरून येते, उरलेले एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरायचे. हा अंदाज चांगला की वाईट, हे आतल्या प्रोसेसरवर ठरतं, आणि खोक्यावरच्या कुठल्याही आकड्यात ते लिहिलेलं नसतं. शेजारीशेजारी ठेवलेल्या दोन ४३ इंची टीव्हींपैकी एकावर नटीचा चेहरा मेणाचा दिसत होता आणि दुसऱ्यावर माणसाचा. किमतीत फारसा फरक नव्हता.

जाता जाता एक सांगते. नवा टीव्ही घ्यायच्या आधी केबलवाल्याला किंवा डिशवाल्याला फोन करून तुमचा बॉक्स एचडी आहे का ते विचारा. कितीतरी घरांत एचडी टीव्हीला वर्षानुवर्षं जुनाच बॉक्स लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरीने जोडलेला असतो. बॉक्स एचडी घेतला, एचडीएमआय केबल लावली आणि रोज बघायची दोन-तीन चॅनेलं एचडीत घेतली, तर जुन्याच टीव्हीवरही चित्र ओळखू येणार नाही इतकं सुधारतं.

आकाराचं गणित लोक उगाच अवघड करतात. बाबांची खुर्ची भिंतीपासून नऊ फुटांवर आहे. निकोप डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा दिसतो. हा हिशेब मांडला तर ४३ इंची पडद्यावर साडेपाच फुटांच्या पलीकडे फुल एचडी आणि फोर-के यांतला फरक डोळ्याला कळत नाही. ५५ इंचीला हे अंतर सात फुटांच्या आसपास जातं. म्हणजे नऊ फुटांवर बसणाऱ्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसासाठी फोर-के या शब्दाला जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. ४३ च्या पुढे बहुतेक टीव्ही फोर-केच येतात, तेव्हा ते आपोआप मिळतंच. एट-के तर विसरूनच जा. अक्षरं मोठी दिसण्यासाठी मोठा पडदा हवा, पण फार मोठ्या पडद्यावर साध्या चॅनेलचं चित्र फाटकं दिसतं. या दोन्हींचा मेळ आमच्याकडे ५० इंचांवर बसला. एक मापायला विसरू नका: हल्ली टीव्हीचे पाय मधोमध नसतात, दोन टोकांना असतात. जुन्या शोकेसवर ते बसतीलच असं नाही. आमच्या शोकेसवर बसले नसते, म्हणून भिंतीवर लावला, आणि लावायला आलेल्या मुलाला सांगून बसल्यावर नजर सरळ जाईल इतका खाली लावून घेतला. तो दीड फूट वर लावायला निघाला होता.

आई समोर बसत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी भाजी निवडत, चांगलीच तिरकी बसते. त्यामुळे पॅनेलचा प्रकार महत्त्वाचा ठरला. एलईडी म्हणून विकल्या जाणाऱ्या टीव्हींत मुख्यतः दोन जाती असतात. आयपीएस बाजूने बघितलं तरी रंग टिकवतं, पण त्याचा काळा रंग थोडा राखाडी वाटतो. व्हीए समोरून सुंदर, काळा खरोखर काळा, पण बाजूला सरकलं की बहुतेकदा चेहरे फिके पडतात. पॅनेल कोणतं आहे हे खोक्यावर सहसा लिहीत नाहीत, आणि एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या मापांत ते वेगळंही असू शकतं. दुकानात टीव्हीसमोरून उठा आणि आपल्या घरी जेवढ्या तिरक्या कोनातून कुणी बघतं, तिथे जाऊन उभे राहा. दोन मिनिटांत उत्तर मिळतं.

ओएलईडीची शिफारस मला अनेकांनी केली. चित्राच्या बाबतीत ते खरोखर वरचढ आहे. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, बाजूनेही उत्तम दिसतं. पुण्यात माझा भाऊ रात्री दिवे घालवून सिनेमे बघतो, त्याने तेच घ्यावं. पण ज्या घरात दिवसाचे पाच-सहा तास वृत्तवाहिनी चालते, तिथे मी ते घेणार नाही. आपल्या वृत्तवाहिन्यांवर कोपऱ्यात स्थिर लोगो आणि खाली भडक लाल-पिवळ्या पट्ट्या असतात. तेच रंग त्याच जागी महिनोन्‌महिने पेटते राहिले तर ओएलईडी पडद्यावर त्यांचा कायमचा डाग उमटण्याचा धोका असतो. क्यूएलईडीला हा धोका नाही, कारण तो मुळात मागून उजेड टाकणारा नेहमीचा एलसीडीच आहे, रंग सुधारणारा एक थर घातलेला. विक्रेते दोन्ही एकाच दमात सांगतात, तेव्हा सावध राहा. एचडीआरचा, म्हणजे उजेड-काळोखातला फरक जास्त ठळक दाखवण्याच्या सोयीचा, स्टिकर तर हल्ली जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो. पडद्याचा उजेडच बेताचा असेल तर त्या स्टिकरचा उपयोग नाही. उलट एचडीआर सिनेमा स्वस्त टीव्हीवर बऱ्याचदा जास्त काळोखा दिसतो.

आता आवाज. मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचंय.

पडदे पातळ झाले तसे स्पीकर लहान झाले आणि पाठीमागे किंवा खाली तोंड करून बसले. आवाज भिंतीवर नाहीतर शोकेसवर आपटून आपल्याकडे येतो. वयोमानाने ऐकू कमी येतं तेव्हा साधारणपणे आधी जातात ते उंच स्वर, आणि स, श, च, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच भागात असते. म्हणून बाबा म्हणतात, "आवाज येतो गं, शब्द लागत नाहीत." अशा वेळी व्हॉल्यूम वाढवून काही साधत नाही. मालिकेतलं पार्श्वसंगीतही तेवढंच वाढतं, आई वैतागते, शेजारी ऐकतात, आणि बाबा शेवटी उठून आत जातात. घरातलं माणूस संध्याकाळच्या गप्पांतून असं हळूहळू बाजूला पडतं आणि आपण म्हणतो, त्यांना आता टीव्हीत रस उरला नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे: टीव्ही एक पायरी खालचा घ्या आणि त्या पैशात साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घ्या. धमाका करणारा मोठा सबवूफर नको. संवाद स्पष्ट करण्याची सोय असलेला साधा बार पुरे. तो टीव्हीमागच्या 'एआरसी' लिहिलेल्या एचडीएमआय खाचेत जोडा, म्हणजे बारचा वेगळा रिमोट शोधावा लागत नाही, आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो. ब्लूटूथ हेडफोन लावायचा विचार असेल तर दुकानातच जोडून बघा, कारण बऱ्याच टीव्हींत हेडफोन जोडला की स्पीकर बंद होतो आणि बाकीच्यांना काहीच ऐकू येत नाही.

रिमोटचं तेच. आईला चॅनेलं आकड्यांनी पाठ आहेत. नव्या रिमोटवर बऱ्याचदा आकडेच नसतात. चार-पाच ओटीटींची बटणं असतात. त्यातलं एक चुकून दाबलं गेलं की पडदाभर पोस्टरं येतात आणि आपला बॉक्स कुठे गेला हे कळत नाही. मग मुलांना फोन, नातवाची वाट. ज्या बाईने आयुष्यभर घर चालवलं, तिला रात्रीच्या मालिकेसाठी कुणाची तरी विनवणी करावी लागते. हे मला मान्य नाही. बऱ्याच टीव्हींच्या सेटिंगमध्ये सुरू होताच शेवटचं इनपुट, म्हणजे बॉक्स, दाखवायची सोय असते. ती शोधून चालू करा आणि ती नसेल तर तो टीव्ही घेऊ नका. बॉक्सचा जुना, आकडेवाला रिमोट आईच्या हातात राहू दे.

बसवायला आलेला माणूस घाईत सगळ्या अटींवर 'मान्य' दाबत जातो, तिथेही लक्ष ठेवा. अनेक स्मार्ट टीव्ही पडद्यावर काय चाललंय याचे नमुने घेऊन कंपनीला पाठवतात. अमेरिकेत २०१७ साली व्हिझिओ कंपनीला सुमारे एक कोटी दहा लाख टीव्हींवरून परवानगीशिवाय अशी माहिती गोळा केल्याबद्दल २२ लाख डॉलर भरावे लागले होते. सेटिंगमध्ये ही गोष्ट बंद करता येते. त्याच बैठकीत दुकानाचा मोड बदलून घरचा करा, चित्र भडकवरून साध्यावर आणा, आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय क्रिकेटला आवडली तर ठेवा, सिनेमाला नक्की बंद करा.

स्टॅबिलायझरसाठी दुकानदार आग्रह धरतात. टीव्हीमागच्या स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर साध्या चढउताराला तो स्वतः पुरून उरतो. विजांचं वेगळं. साताऱ्याकडे वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग काढा आणि डिशची वायरही काढा. वीज त्या वायरीनेही आत येते.

कुणाच्या घरी कानातलं यंत्र थेट टीव्हीला जोडून वापरत असतील, तर कोणतं उपकरण घेतलं आणि बाकीच्यांना स्पीकरवरून ऐकू येत राहतं का, ते जरूर लिहा. बाबांसाठी पुढचं तेच बघायचंय.