एवढे पैसे घालून जहाजातून उतरलीच नाहीस?

कॅरिबियन क्रूझ करून आलो हे कळल्यापासून भिशीत, लग्नात, सोसायटीच्या गेटवर, जिथे जाईन तिथे पहिला प्रश्न हाच की काय काय पाहिलं? आणि मी खरं ते सांगितलं की कोझुमेलला मी उतरलेच नाही, जहाजावरच बसून होते, की समोरचीचा चेहरा असा होतो जणू मी तिरुपतीला जाऊन दर्शन न घेता परत आले. "काहून गं, तब्येत बरी नव्हती का?" तब्येत एकदम ठणठणीत होती बाप्पा. मला उतरायचं नव्हतं, बस. आता इथे एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकीला वेगळं सांगत बसायला नको.

माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या. क्रूझ ही देश पाहायची गोष्ट नाहीच. आपल्याकडचे एजंट ती विकतात "एका तिकिटात तीन देश" म्हणून आणि आपणही घेतो, कारण आपल्याला पॉइंट मोजायची सवय, किती दिवसांत किती पॉइंट ते कळलं की ट्रिप वसूल झाली की नाही ते ठरतं. प्रत्यक्षात जहाज सकाळी बंदराला लागतं आणि संध्याकाळी चार-पाचला सुटतं, त्यात उतरायची रांग, टॅक्सीवाल्यांची घासाघीस, आणि परत यायची धास्ती, कारण उशीर झाला तर जहाज थांबत नाही, तुम्ही धक्क्यावरून हात हलवत बसायचं आणि पुढच्या बंदराचं विमान स्वतःच्या खर्चाने शोधायचं. हातात राहतात चार-पाच तास. त्याला जमैका पाहिला म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आमचा रूट वेस्टर्न कॅरिबियनचा. मायामीहून निघून जमैकाचं फालमाउथ, मग ग्रँड केमन, मग मेक्सिकोचं कोझुमेल आणि परत मायामी. मुलगी टेक्सासला असते, तिच्याकडे गेलोच होतो, ती म्हणाली आता तुम्ही दोघंच जा कुठेतरी, आम्ही कोणी येत नाही सोबत. फेब्रुवारीत गेलो. विचारणाऱ्यांसाठी सांगते, १ जून ते ३० नोव्हेंबर तिकडे हरिकेनचा सीझन असतो, ऑगस्ट-सप्टेंबरचे स्वस्त दर पाहून उड्या मारू नका, ते स्वस्त का असतात ते आधी समजून घ्या. आणि अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच पाहिजे, कारण जहाज अमेरिकेतून बाहेर पडतं आणि पुन्हा अमेरिकेतच शिरतं. तो असला की मेक्सिकोला वेगळा लागत नाही, आणि जमैकाला तर टुरिस्ट म्हणून जाणाऱ्या भारतीय पासपोर्टला व्हिसाच नाही.

आमचं जहाज म्हणे मध्यम साइजचं होतं. हल्लीची मोठी म्हणजे ते आयकॉन ऑफ द सीज, २०२४ मध्ये सुरू झालं, २० डेक, साडेसात हजार माणसं मावतात, म्हणजे एक छोटं तालुक्याचं गावच पाण्यावर. आमच्या मध्यममध्येसुद्धा मला पहिले दोन दिवस पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली ते कळत नव्हतं, नेहमी उलट्या टोकाच्या लिफ्टमधून बाहेर यायची. सुटायच्या आधी मस्टर ड्रिल झालं, म्हणजे संकटात काय करायचं त्याची तालीम, सात छोटे भोंगे आणि एक लांब, लाइफ जॅकेट कसं घालायचं, आपली जमायची जागा कुठली. ह्यांना वाटलं टाइमपास आहे, पण २०१२ मध्ये इटलीजवळ ते कोस्टा कॉनकॉर्डिया आडवं झालं ना, त्यात काही प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. म्हणून आता जहाज सुटायच्या आधीच ते उरकावं लागतं. मी शेजारच्या अमेरिकन म्हातारीकडून पट्ट्याची गाठ दोनदा बघून घेतली.

खाण्याचं फार लिहीत नाही, सगळे तेच लिहितात. एकच टिप, पहिल्याच संध्याकाळी डायनिंग रूमच्या हेड वेटरला गाठा आणि सांगा उद्यापासून दाल-भात-भाजी पाहिजे. बऱ्याच जहाजांवर किचनमध्ये आपली माणसं असतात, एक दिवस आधी सांगितलं की करून देतात. आम्हाला रोज रात्री मिळालं, पोळ्यासुद्धा, जरा जाड होत्या पण मी लाटल्या नव्हत्या हेच त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक.

आता पैशाचं. जाहिरातीत दिसतो तो आकडा म्हणजे नुसती सुरुवात. त्यावर पोर्टचे टॅक्स, वायफाय वेगळं, दारू वेगळी, बंदरावरच्या सहली वेगळ्या. दारूच्या पॅकेजची तर गंमतच, बहुतेक कंपन्यांचा नियम असा की एका खोलीतल्या एका मोठ्या माणसाने घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचंच. मी कोकम सरबताच्या पुढे गेले नाही कधी, माझ्या नावाने कशाला भरायचे? ह्यांना म्हटलं ग्लासावर घ्या आणि बिल बघत जा. बिल पाहून ग्लास आपोआप कमी झाले. कसिनो बंदरात बंद असतो, जहाज समुद्रात गेलं की उघडतो, तिकडे आम्ही फक्त बघायला गेलो, एक बाई ऑक्सिजनची छोटी नळकांडी सोबत घेऊन मशीनसमोर बसलेली होती, रोज तीच, रोज तिथेच.

आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप. ह्यावर मला जरा तापूनच लिहायचंय. माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर टिप तुमच्या खात्यात आपोआप लागते, खोली साफ करणाऱ्यांपासून वेटरपर्यंत सगळ्यांत ती वाटली जाते. काही जहाजांवर काउंटरला जाऊन ती कमी करून घेता येते किंवा काढूनच टाकता येते. आणि आपली मंडळी हे तंत्र एकमेकांना व्हॉट्सअॅपवर मोठ्या अभिमानाने शिकवतात! शेवटच्या रात्री त्या काउंटरच्या रांगेत आपली तीन-चार कुटुंबं उभी होती, बायकांच्या हातात बंदरावरून घेतलेल्या दागिन्यांच्या पिशव्या. मला इतकी लाज वाटली की मी हिंदीत बोलायचंच बंद केलं. महाग वाटतं तर जाऊ नका ना. पण आठवडाभर ज्या पोराने तुमच्या ओल्या टॉवेलचे हत्ती आणि माकडं करून पलंगावर ठेवली त्याच्या वाटचे पैसे कापून तुम्ही बचत करता?

जमैकाला मात्र मी उतरले, आणि खोटं कशाला बोलू, ट्रिपमधला सगळ्यात चांगला दीड तास तिथेच गेला. जहाजातली बरीच गर्दी बसने डन्स रिव्हरच्या धबधब्याला गेली, तासाभराचा रस्ता, मग हातात हात धरून माणसांची साखळी करून वर चढायचं. माझे गुडघे आणि ती साखळी जमणार नव्हतं. आम्ही गेटबाहेर एक टॅक्सी केली आणि मार्था ब्रे नदीवर गेलो, तिथे लांब बांबूच्या तराफ्यावर दोघांना बसवतात आणि एक जण पुढे काठी घेऊन उभा राहतो. शांत, हिरवं, छान. पण खरी मजा टॅक्सीत. ह्यांनी बसल्या बसल्या क्रिकेट काढलं. १९७१, सबाइना पार्क, किंग्स्टन, दिलीप सरदेसाईंचे २१२, वाडेकरांनी सोबर्सच्या वेस्ट इंडीज टीमला फॉलोऑन दिला. ड्रायव्हर पन्नाशीचा, ऐकून घेतलं सगळं, मग शांतपणे म्हणाला, १९७६ पण आठवतं का? तेच मैदान, मायकेल होल्डिंगची फास्ट बॉलिंग, आणि तुमची पाच माणसं दुसऱ्या डावात बॅटिंगलाच आली नाहीत. हे गप्प. मी खिडकीकडे तोंड करून हसत होते. मग त्याने क्रिकेट सोडून उसेन बोल्टचं सुरू केलं, तो ह्याच ट्रेलॉनी भागातला, त्याचं गाव त्या डोंगरांकडे, आता पोरं क्रिकेट खेळत नाहीत, सगळी पळतात म्हणाला.

त्यालाच म्हटलं जिथे तू जेवतोस तिथे ने. टिनाच्या शेडची जागा, चार टेबलं. ह्यांनी करी गोट मागवलं. एक घास खाऊन म्हणाले, "सावजीपुढे फिक्कं आहे." मालकीणबाईने ऐकलं नसेल पण चेहरा वाचला असेल, तिने एक छोटी बाटली आणून ठेवली, त्यांच्याकडच्या स्कॉच बॉनेट मिरचीचा सॉस. ह्यांनी सावजीच्या हिशेबाने ओतला. मग डोळे, नाक, कान, सगळं एकदम. बाई कमरेवर हात ठेवून बघत होती आणि ड्रायव्हर टेबलावर थापा मारत होता. मला शाकाहारी म्हणून भाताबरोबर कॅलालू दिली, पानांची भाजी, कांदा-लसूण घालून परतलेली. पहिल्या घासाला ओळखली, हा तर आपला माठ. आई करायची तशीच, फक्त दाण्याचा कूट नव्हता. बाई म्हणाली तिची आजी इंडियन होती, म्हणजे आजीची आजी आलेली, कुठल्या गावची ते घरात कोणालाच माहीत नाही. परत आल्यावर मी वाचलं, १० मे १८४५ ला ब्लंडेल नावाच्या जहाजातून पहिले भारतीय मजूर जमैकाला उतरले, उसाच्या मळ्यांवर, कारण गुलामगिरी बंद झाल्यावर मळेवाल्यांना माणसं पाहिजे होती. १९१७ पर्यंत ३६ हजारांवर लोक नेले. बहुतेक यूपी-बिहारकडचे. करारावर गेलेले, कित्येक परतलेच नाहीत. हे सगळं तिथे उभं असताना माहीत असतं तर त्या बाईशी चार शब्द जास्त बोलले असते. पण जहाजाची वेळ झाली होती.

ग्रँड केमनचं सांगण्यासारखं फार नाही. मोठ्या जहाजांना तिथे धक्काच नाही, जहाज बाहेर उभं राहतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, येताना-जाताना रांग. २०२५ मध्ये तिथल्या लोकांनी सार्वमतात धक्का नकोच म्हणून कौल दिला. बरोबर केलं. त्या एवढ्याशा जॉर्जटाउनमध्ये एका सकाळी चार-चार जहाजांची माणसं ओतली की त्यांनी राहायचं कुठे? सेव्हन माइल बीच सुंदर आहे, पाणी काचेसारखं, आणि तो पूर्ण सात मैल नाही.

आणि मग कोझुमेल. सकाळी नऊपर्यंत सगळं जहाज रिकामं झालं. हे स्नॉर्कलिंगला गेले, तिथले कोरल जगात नावाजलेले, मी म्हटलं तुम्ही जा, मला मासे बाजारात दिसतात तेवढे पुरेत. ज्या पूलजवळ एरवी खुर्ची मिळवायला लोक पहाटे टॉवेल टाकून ठेवायचे तिथे मी आणि एक झोपलेला आजोबा. गाणी बंद. कॉफी घेऊन मी पाचव्या डेकवर लाइफबोटींच्या खाली जाऊन बसले, तिथे सावली असते. एक माणूस रेलिंगचा गंज खरवडत होता, बोटभर जागा खरवडायची, फडक्याने पुसायची, लाल रंगाचा हात द्यायचा, मग पुढची बोटभर. मिठाच्या हवेत हे काम कधी संपतच नाही म्हणे, पुढच्या टोकापर्यंत पोचेपर्यंत मागचं टोक गंजतं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला, मी बोलत होते, आणि फोन ठेवल्यावर मागून आवाज, "काकू, नागपूरच्या का?" बाप्पा ऐकून ओळखलं म्हणाला. रत्नागिरीकडचा पोरगा, हाउसकीपिंगमध्ये. त्याची सुट्टीची दोन तासांची खिडकी होती, बाकीचे किनाऱ्यावर फुकट वायफाय शोधायला गेले होते, हा गेला नव्हता कारण घरी तेव्हा रात्र झालेली आणि मुलगी झोपली असणार. काँट्रॅक्ट सात महिन्यांचं. एका खोलीत दोघं, खिडकी नाही, पाण्याच्या पातळीच्या खाली. किती बंदरं पाहिलीस विचारलं तर हसला, "नावं सगळी पाठ आहेत काकू." त्याच्याकडून मला जहाज कळलं, खाली आय-९५ नावाचा लांब बोळ असतो ज्यातून सगळा कामगारवर्ग ये-जा करतो, कचरा वेगळा करायची खोली, कपडे धुण्याचं डिपार्टमेंट जे रात्री पण थांबत नाही. आम्ही वर ज्याला हॉलिडे म्हणत होतो त्याच्या खाली अख्खा कारखाना चालू होता. ही माहिती कुठल्या सहलीत मिळाली असती?

दुपारी मी झोपले. भरदुपारी, बाल्कनीचं दार उघडं टाकून, कोणाचा चहा नाही, कोणाची बेल नाही. बाल्कनीवर पैसे घालवू नका असं सगळे सांगत होते, त्यांचं ऐकलं नाही ते बरं.

आमच्या ह्यांचं मत पूर्ण वेगळं आहे आणि ते त्यांनी कमेंटमध्ये लिहावं. त्यांचं म्हणणं जहाज हा नुसता अडथळा होता, तो पैसा घेऊन जमैकाला पंधरा दिवस एका जागी राहायला पाहिजे होतं, त्या शेडमध्ये रोज जेवायचं, किंग्स्टनला जाऊन सबाइना पार्कला पाय लावून यायचं. त्यांचं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. ज्यांना कॅरिबियन बघायचंय त्यांनी तसंच करावं, एक बेट धरावं. ज्यांना तीस-तीस वर्षं घर आणि नोकरी ओढून झाली आहे आणि ज्यांना काहीच करायचं नाही त्यांनी क्रूझ घ्यावी आणि निदान एका बंदराला उतरू नये. दोन्ही एका तिकिटात मिळतं असं जो सांगेल त्याच्याकडून बुकिंग करू नका.

व्हिसाची अपॉइंटमेंट आधी बघा, तिकिटाचं नंतर, तारखा कधीकधी महिनोन्महिने मिळत नाहीत. बाकी काही विचारायचं असेल तर खाली विचारा, सांगते. एकूण खर्च किती आला ते मात्र इनबॉक्समध्येसुद्धा विचारू नका, ते ह्यांना विचारा, धरमपेठेतल्या अर्ध्या पानठेल्यांवर त्यांनी आकडा सांगून झालेला आहे आणि दर वेळी तो थोडा वाढतोच आहे.