कुलूप आतून लावलंय

नवा सर्व्हर मिनिटाभरात उभा राहतो, हे खरं आहे. तो आपलं ऐकायला कधी लागतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

उबुंटू या लिनक्सच्या क्लाउड इमेजवरून, म्हणजे तयार साच्यावरून, मशीन उभं केलं, एसएसएचनं दुरून आत शिरलो आणि एनजिनएक्स हा वेब सर्व्हर टाकायला सांगितलं. उत्तर आलं, असं पॅकेज सापडत नाही. असंख्य वेबसाइट ज्याच्या जिवावर चालतात, ते या पठ्ठ्याच्या गावीही नव्हतं! मी स्पेलिंग तीनदा तपासलं. मग आठवलं, इमेजमध्ये पॅकेजांच्या, म्हणजे टाकता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, याद्या ठेवलेल्याच नसतात. ठेवल्या तर इमेज फुगते, आणि चार दिवसांत त्या शिळ्याही होतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. इथे आड काठोकाठ भरलेला होता, पोहराच सोडला नव्हता.

सोडू म्हटलं. पॅकेजं आणणाऱ्या ॲप्टला याद्या ताज्या करायला सांगितलं: ॲप्ट अपडेट. तर लॉक, म्हणजे याद्यांचं कुलूप, मिळेना; म्हणे ते प्रोसेस १४८७कडे, दुसऱ्या एका चालू प्रोग्रामकडे, आहे.

मशीन जन्मून दोन मिनिटं झालेली, त्यात माझ्याआधी कोण घुसलं? शोधलं तर क्लाउड-इनिट, नव्या मशीनची पहिली मांडामांड करणारा प्रोग्राम. आणि त्याला यूझर-डेटामध्ये, म्हणजे मशीनसोबत दिलेल्या सूचनांत, ‘पहिल्या बूटला याद्या ताज्या कर’ असं मीच लिहून दिलं होतं; बूट म्हणजे मशीन सुरू होणं. म्हणजे कामाला मी लावलेला माणूस मलाच दारात उभं करत होता. तो सुटला की दुसरा तयारच असतो: ॲप्टचा रोजचा टायमर. त्याची वेळ सकाळी ६ आणि संध्याकाळी ६, वर १२ तासांपर्यंत कितीही उशीर. सगळी मशिनं एकदम रिपॉझिटरीवर, म्हणजे पॅकेजांच्या कोठारावर, तुटून पडू नयेत म्हणून हे केलंय. हेतू थोर आहे, पण ‘सहा ते सहा कधीही येईन’ याला वेळ म्हणत नाहीत.

कुणी म्हणालं, लॉकची फाइल उडव. हे करू नये. कुलूप फाइलमध्ये नसतं, ते चालू प्रोसेसच्या हातात असतं. फाइल उडवली की दोघं एकाच वहीत एकदम लिहायला बसतात. मी सभ्य मार्ग धरला. स्क्रिप्टमध्ये ‘स्लीप ३०’ टाकलं, म्हणजे तीस सेकंद गप्प थांब. मग ६०. मग ३००, आणि शेजारी कमेंट: ‘हे का लागतं माहीत नाही, पण काढू नये.’

पुढे कळलं की क्लाउड-इनिटलाच ‘झालं का?’ विचारून थांबता येतं. मग ठरवलं, एनजिनएक्सही त्यालाच टाकू दे. यूझर-डेटा नव्यानं लिहिला, जरा साफसूफ केला, नवं मशीन उभं केलं. उत्तर चटकन आलं: झालं. इतक्या लवकर? मी खूश. एनजिनएक्स शोधलं, तर पत्ता नाही.

साफसफाईत मी पहिली ओळ उडवली होती. ‘हॅश क्लाउड-कॉन्फिग’. दिसते मशीन वगळतं त्या कमेंटसारखी, पण ती नसेल तर खालचा मजकूर क्लाउड-इनिटच्या लेखी कॉन्फिग नसतोच. ओळ परत लिहिली, मशीन रीस्टार्ट केलं. काही नाही. पहिलं बूट एकदाच असतं. दुसऱ्याला पहिलं म्हणायला ते तयार नाही.

मशीन पाडलं. नवं उभं केलं. ‘झालं का?’ विचारलं की ते बोलत नाही, स्क्रीनवर एकेक टिंब टाकत राहतं.

आत्ता सत्तेचाळिसावं टिंब पडलं.