नवले पुलाचा उतार: दोष केवळ चालकांचा नाही

‘पुण्यातल्या नवले पुलावरचे सगळे अपघात डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणाऱ्या चालकांमुळे होतात; रस्त्यात बदल करणे ही उधळपट्टी आणि वेग टिपणारे कॅमेरे म्हणजे निव्वळ दंडवसुली; उन्नत मार्ग (खांबांवरून जाणारा रस्ता) बांधा, बाकी काही नको,’ अशा आशयाचा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. माझ्या मावसबहिणीनेही तो पटल्यासारखा पुढे पाठवला. तिचा मुलगा रोज दुचाकीने नऱ्ह्याच्या कॉलेजात जातो, त्यामुळे गप्प बसणे शक्य नाही.

न्यूट्रलचा मुद्दा अर्धा खरा आहे, एवढे मान्य करावे लागेल. गाडी गिअरमध्ये नसली की इंजिनाचा रोध मिळत नाही, सारा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होतात. पण कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुलापर्यंत काही किलोमीटर उतारच आहे, आणि सतत ब्रेक दाबावे लागले तर गिअरमध्ये असलेल्या, माल लादलेल्या ट्रकचे ब्रेकही तापतात. अशा उताराच्या पायथ्याशी साताऱ्याकडून येणारी अवजड वाहतूक आणि नऱ्हे, आंबेगाव, वडगाव इथल्या दुचाकी-रिक्षांची वर्दळ आपण एकत्र आणून सोडली आहे. 20 नोव्हेंबर 2022 रोजी तिथे एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. 13 नोव्हेंबर 2025 च्या अपघातात आठ जणांचा जीव गेला. चूक एका चालकाची धरली, तरी तिची शिक्षा इतक्या लोकांना भोगावी लागेल अशी रचना कोणी केली? हा प्रश्न मजकूर विचारत नाही; कायदा मात्र विचारतो. मोटार वाहन कायद्यात 2019 साली आलेले कलम 198अ सदोष आराखडा, बांधकाम आणि देखभालीसाठी संबंधित यंत्रणेला व ठेकेदाराला जबाबदार धरते.

रस्ता सुधारून काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाकडे पाहावे. तिथे 2016 मध्ये 151 जणांचा मृत्यू झाला होता. धोक्याच्या जागा शोधून कठडे बसवणे, वेगावर नियंत्रण आणि तातडीची वैद्यकीय मदत यांवर काम झाले, आणि 2019 मध्ये तोच आकडा 92 वर आला. चालक तर तसेच होते.

कॅमेरे ज्या वेगमर्यादेसाठी असतात, तिच्याबद्दल इतकेच: साठऐवजी चाळीसच्या वेगाने धडक बसली, तर तिची ऊर्जा निम्म्याहूनही कमी असते.

उरला ‘उन्नत मार्ग बांधा, बाकी काही नको’ हा शेवटचा मुद्दा. उन्नत मार्ग जरूर व्हावा, पण त्यामुळे वरचा उतार सपाट होणार नाही. ब्रेक गेलेली गाडी खडीत रुतवून थांबवणारी बाजूची मार्गिका, अवजड वाहनांची उतारापूर्वी तपासणी आणि अखंड सेवा रस्ते ही कामे त्याची वाट पाहत थांबू शकत नाहीत.