ग्लोव्हज घालण्यात पेशंटचा वेळ जात नाही

ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. घोडबंदर रोडवर अपघात झालेला माणूस तडफडत असतो आणि कॅज्युअल्टीत डॉक्टर-सिस्टर ग्लोव्हज, गाऊन, चष्मा चढवत बसतात. एचआयव्हीची एवढी भीती असेल तर आधी रक्त तपासा. जुने डॉक्टर उघड्या हातांनीच काम करायचे, असा त्याचा सूर. मी नवी मुंबईत कॅज्युअल्टीत सिस्टर आहे. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी वेळेचं बोलू. १०८ वाल्यांनी फोन केला असेल तर ट्रॉली दारात यायच्या आत आम्ही तयार असतो. पेशंट अचानक रिक्षातून आला, तर एकजण ग्लोव्हज ओढून लगेच रक्त दाबून धरतो आणि बाकीचे तेवढ्यात ॲप्रन-गॉगल चढवतात. खोळंबा होतो तो ग्लोव्हजचा बॉक्स रिकामा निघाला आणि स्टोअरची चावी सापडत नसली की. त्यावर जरूर ओरडा.

‘आधी रक्त तपासा’ हा सल्ला तर पेशंटच्याच जिवावर उठणारा आहे. रॅपिड टेस्टचा निकाल यायलाही पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि लागण नवी असेल तर ती निगेटिव्हही येऊ शकते. शिवाय २०१७ च्या कायद्यानुसार एचआयव्ही तपासणीला पेशंटची संमती लागते. बेशुद्ध माणसाकडून ती घेणार कशी? म्हणून प्रत्येकाचं रक्त सारखंच जोखमीचं धरायचं. मग कुणाला थांबवून ठेवावं लागत नाही.

आणि भीती एकट्या एचआयव्हीची नाहीच. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के. हिपॅटायटिस बीची, लस न घेतलेल्याला, ६ ते ३० टक्के. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. ट्रॉली पुसणाऱ्या मावशींचा विचार त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

अपघाताच्या पेशंटचे कपडे कात्रीने कापताना केसांतून, खिशांतून काचेचा चुरा हाताला लागतो. मोडलेल्या हाडाचं टोक ग्लोव्ह फाडतं, म्हणून अशा वेळी दोन जोड घालतात. घशात नळी टाकताना पेशंट खोकला की रक्त थेट डोळ्यांत उडतं. सुई ग्लोव्हमधून आरपार जाते हे खरं, पण जाताना तिच्यावरचं बरंचसं रक्त ग्लोव्हवरच पुसलं जातं.

जुन्या डॉक्टरांना काय झालं? १९८० च्या दशकात लस येईपर्यंत हिपॅटायटिस बी हा सर्जन आणि लॅबवाल्यांना कामातून जडणारा आजारच मानला जायचा.

ग्लोव्हजबद्दल आमच्यावर राग काढायचाच, तर एका गोष्टीवर काढा. रक्ताळलेल्या ग्लोव्हजनीच काहीजण फोन उचलतात, कीबोर्ड चालवतात, पुढच्या पेशंटला हात लावतात. असं दिसलं तर नातेवाइकांनी तिथेच टोकावं: सिस्टर, आधी ग्लोव्हज बदला.